लेखी द्या, साहेब

दर महिन्याला या पानावर सासू-सून, सोसायटीचं पार्किंग, फार तर पीएफ अडकलाय असं विचारणारे आपले नाशिककर या वेळी सगळे एकदम परदेशी निघाल्यासारखे झालेत. त्याला कारण मीच. मागच्या अंकात बोलता बोलता लिहून गेले की जर्मनीत नऊ वर्षं राहिले त्यातले कित्येक दिवस तर परदेशी लोकांच्या ऑफिसबाहेर लाइनीत उभं राहण्यातच गेले, आणि त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की कोपऱ्यातली रेसिपी या महिन्यात काढून टाकावी लागली. सगळ्यांना उत्तर जमणार नाही, पाच पत्रं घेतलीत, त्यातलं एक मला झापणारं आहे, तेही घेतलंय. मी वकील नाही हे आधीच सांगते. पण खिडकीच्या अलीकडे बरीच वर्षं उभी राहिलेली बाई आहे आणि नाशिकला परत आल्यापासून ज्यांची मुलं बाहेर आहेत त्यांचे फॉर्म भरून देणं हा माझा रिकामपणचा उद्योग झालाय, तेवढ्या अधिकाराने लिहितेय.

ताई नमस्कार, माझी मुलगी जर्मनीत मास्टर्स करतेय, तिसरं सेमिस्टर. तिच्या रेसिडन्स कार्डाची मुदत संपून पाच आठवडे झाले. तिने मुदत संपायच्या दोन महिने आधीच ऑनलाइन अर्ज केलाय, बँकेतले पैसे दाखवले, इन्शुरन्स दिला, सगळं दिलं, पण ऑफिसकडून नुसतं मशीनचं उत्तर येतं की मेल मिळाला, परत मेल करू नका त्याने उशीर होतो. ती जिथे पार्टटाइम काम करते ते म्हणतात कार्ड संपलं तर पुढच्या महिन्यापासून येऊ नको. रोज फोनवर रडते. डिसेंबरात मामेभावाचं लग्न आहे, तिकीट काढलेलं आहे. मी तिला म्हणते शांत रहा, त्यांच्या देशात आहेस, वाद घालू नको, कोणी चिडून व्हिसाच कॅन्सल केला तर? आमच्या ओळखीतले एक जण आमदारांचं पत्र आणून देतो म्हणतात. काय करू? — एक आई, सिडको

अहो ताई, आमदारांना राहू द्या. आपल्याकडे कुठलंही काम निघालं की पहिला प्रश्न "तिथे कोणी ओळखीचं आहे का", मग तो एसटीचा पास असो नाहीतर सातबारा. तुमच्या मुलीला ओळखीची गरजच नाही कारण कायदा आधीपासून तिच्या बाजूने आहे, फक्त ते तिला कोणी सांगितलेलं नाही.

जर्मनीत परदेशी लोकांच्या राहण्याचा जो कायदा आहे त्याच्या कलम ८१ मधलं चौथं उपकलम तिला काढून वाचायला सांगा. कार्ड संपायच्या आधी वाढवायचा अर्ज केला असेल तर ऑफिसचा निर्णय लागेपर्यंत जुनं कार्ड चालूच आहे असं धरायचं, असं त्यात सरळ लिहिलंय. म्हणजे राहणं कायदेशीर, आणि त्या कार्डावर जेवढं काम करायची परवानगी होती तेवढीही चालू, विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस. यात कोणाची मेहरबानी नाही. साहेब सुट्टीवर असोत, सिस्टिम डाऊन असो, अर्ज ढिगाच्या तळाशी असो, तिचं काम एकच होतं की मुदतीच्या आत अर्ज द्यायचा आणि ते तिने केलंय. म्हणून आधी तो अर्ज कुठल्या तारखेला गेला त्याचा पुरावा, कन्फर्मेशनचा मेल म्हणा स्क्रीनशॉट म्हणा, पीडीएफ करून तीन ठिकाणी ठेवायचा, त्यातली एक कॉपी तुमच्याकडे.

आता कामावरचे लोक. ते दुष्ट नाहीत, घाबरलेले आहेत, कारण परवानगी नसलेल्याला कामावर ठेवलं तर त्यांना दंड होतो. त्यांना दाखवायला एक कागद असतो, फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग, जीभ अडकते म्हणून मी आणि माझी शेजारीण त्याला नुसतं "फिक्शन" म्हणायचो. अर्ज केलेल्या माणसाला हा कागद द्यायचा असं त्याच कलम ८१ च्या पाचव्या उपकलमात आहे. नीट लक्षात घ्या, हा कागद हक्क देत नाही, हक्क आधीच आहे, कागद फक्त तो दाखवतो. हे वाक्य तिने जर्मनमध्ये लिहून मॅनेजरला मेल करावं, सोबत कलम आणि अर्जाची पावती, निम्मे मॅनेजर तेवढ्यावर ऐकतात.

ऑफिसला मात्र आता मेल बंद. पत्र. कागदावर, खाली सही, वर फाइल नंबर, आणि आइनश्रायबनने म्हणजे आपल्या रजिस्टर पोस्टासारखं पाठवायचं म्हणजे पोचल्याचा पुरावा राहतो. पत्रात रडगाणं नको. मी अमुक तारखेला अर्ज केला, सोबत हे हे जोडलं, अमुक तारखेला कार्ड संपलं, तरी कलम ८१ उपकलम ५ प्रमाणे मला सर्टिफिकेट द्या आणि दोन आठवड्यांत म्हणजे या तारखेपर्यंत द्या, तारीख घालायचीच, आणि अर्जात काही कमी असेल तर काय ते लेखी कळवा. अर्ध्या पानाच्या वर जायचं नाही.

आणि सरकारी काम अन् सहा महिने थांब ही आपली म्हण जर्मन लोकांनी निम्म्यावर आणलीय. पुरेसं कारण नसताना ऑफिसने तीन महिन्यांत निर्णय दिला नाही तर माणूस थेट तिथल्या प्रशासकीय कोर्टात जाऊन "हे काहीच करत नाहीत" एवढाच दावा लावू शकतो. त्याला उन्टेटिगकाइट्सक्लागे म्हणतात. तुमच्या मुलीचे दोन महिने अधिक पाच आठवडे म्हणजे तीन महिने होऊन गेले की हो! त्या पहिल्या कोर्टात वकील लागतोच असं नाही, स्वतः लिहून दावा देता येतो, कोर्टाची फी मात्र भरावी लागते. त्याआधी युनिव्हर्सिटीतल्या विद्यार्थी संघटनेकडे, आस्टा म्हणतात तिला, जाऊन विचारावं, बऱ्याच ठिकाणी तिथे फुकट कायदा सल्ला मिळतो. कमाई कमी असलेल्यांना तिथल्या स्थानिक कोर्टाकडून वकिलाच्या सल्ल्यासाठी एक चिठ्ठी मिळते, ती दाखवली की वकील फार तर १५ युरो घेतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे मलाही लहानपणापासून ऐकवलं गेलंय, पण तिकडे हा दावा म्हणजे खानदानी वैर नाही, फाइल वरच्या खणात आणायचा एक ठरलेला रस्ता आहे, आणि बऱ्याचदा "दोन आठवड्यांनी मी कोर्टात जाणार" असं पत्र गेलं की फाइल आपोआप सापडते.

लग्नाचं वाईट वाटतं पण तो फिक्शनचा कागद हातात आल्याशिवाय तिने विमानात बसू नये. परत येताना मुंबईलाच काउंटरवर अडवतील, तिथल्या मुलाला तुम्ही कलम ८१ किती वेळ समजावणार. आणि कागद मिळाला तरी आत खूण कुठल्या चौकोनात आहे ते बघायचं, चौथ्या उपकलमाच्या असेल तर येता येतं, तिसऱ्याच्या असेल तर त्यावर परत आत घेत नाहीत. ही खूण न बघता निघालेली एक मुलगी मला माहीत आहे, पाच महिने इथे इंदिरानगरला बसून होती, सेमिस्टर गेलं.

आता तुमच्या "शांत रहा"बद्दल. मला राग नाही आला, माझी आईही हेच सांगायची. २००१ साली मुलगा झाला तेव्हा त्याच्या परवान्यासाठी मी तिकडच्या एका ऑफिसात तिसऱ्यांदा गेले होते, बाळ कांगारूसारखं पोटाला बांधलेलं, आणि खिडकीतला माणूस तिसऱ्यांदा म्हणाला की लग्नाचं सर्टिफिकेट जुनं आहे, भारतातून नवं आणा. अहो लग्न जुनं तर सर्टिफिकेट नवं कुठून! मिस्टर सोबत असले की तेच बोलायचे, मी मान हलवायचे. त्या दिवशी ते नव्हते. मी चार दिवस पोळ्या लाटताना एकच वाक्य पाठ केलं होतं, "बिटे गेबेन झी मिअर दास श्रिफ्टलिष", कृपा करून हे मला लेखी द्या. म्हटलं. आवाज कापत होता. तो माणूस माझ्याकडे बघत राहिला, मग आत गेला, वीस मिनिटांनी आला आणि म्हणाला, चालेल हेच. मी जिंकले वगैरे नाही, बाहेर येऊन जिन्यात बसून रडले. पण नवं सर्टिफिकेट मागायचा नियम असता तर त्याने तो दोन ओळीत लिहून दिला असता ना? नियम नव्हता. सवय होती. व्हिसा चिडून कॅन्सल करता येत नाही ताई, त्यालाही कारण लिहावं लागतं, आणि कारण लिहिलं की त्यावर दाद मागता येते, साधारण एका महिन्याच्या आत, ती मुदत निर्णयाच्या शेवटी छापलेली असते, आधी ते शेवटचं पान वाचायचं.

सप्रेम नमस्कार. माझं वय ७१, पत्नी ६८. मुलगा अमेरिकेत, त्याने आमचं ग्रीन कार्ड करून आठ वर्षं झाली. थंडीत आम्ही नाशिकला येतो, पाच-सहा महिने राहून जातो. गेल्या खेपेस तिकडे उतरल्यावर एका अधिकाऱ्याने आम्हाला बाजूला बसवलं, तीन तास, आणि एक फॉर्म पुढे करून म्हणाला तुम्ही इथे राहत नाही, यावर सही करा म्हणजे सुटाल. पत्नीला दम लागत होता, तिने पेन हातात घेतलं होतं. तेवढ्यात दुसरा अधिकारी आला आणि सोडलं. आता परत जायचं आहे, पत्नी नको म्हणते. — ना. रा., गंगापूर रोड

काका, काकूंनी पेन खाली ठेवलं हे फार बरं झालं. तो फॉर्म बहुतेक आय-४०७ असणार. मी माझं ग्रीन कार्ड स्वखुशीने सोडते असं त्यात लिहिलेलं असतं, स्वखुशीने, म्हणजे कोणी सांगितलं म्हणून नाही. सही न करण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. सही केली नाही म्हणून तिथल्या तिथे कार्ड रद्द होत नाही, अधिकाऱ्याला तसं वाटत असेल तर त्याने तुम्हाला इमिग्रेशन जजपुढे हजर व्हायची नोटीस द्यायची आणि तुम्ही तिथलं राहणं सोडलंय हे सिद्ध करायचं ओझं सरकारवर असतं. निकाल लागेपर्यंत तुम्ही ग्रीन कार्डवालेच. म्हणून इंग्रजीत दोनच वाक्यं पाठ करा, देवनागरीत लिहून देते, "आय डू नॉट विश टु साइन. आय वॉन्ट अ हिअरिंग बिफोर अ जज." इंग्रजी पटकन कळत नसेल तर मराठी दुभाषा मागा, मान डोलवू नका, आपल्या पिढीला मान डोलवायची फार सवय आहे आणि तिकडे मान डोलवली म्हणजे "हो". वर पत्नीला दम लागतोय, औषध हवंय, हेही बोलायचं, लाज कसली.

सोबत एक प्लास्टिकचं फोल्डर न्या, तिकडे भरलेले टॅक्स रिटर्न, बँकेचं स्टेटमेंट, मुलाच्या पत्त्यावर आलेली तुमच्या नावाची पत्रं, इन्शुरन्स, डॉक्टरच्या अपॉइंटमेंट, परतीचं तिकीट आधीच काढलेलं असेल तर ते.

पण काका, एक गोष्ट तुम्हाला आवडणार नाही तरी लिहिते. ग्रीन कार्ड हे येण्याजाण्याचा पास नाही, ते तिथे राहायला दिलेलं असतं. १८० दिवसांच्या वर बाहेर राहिलात की परत आत येताना तुमची नव्याने तपासणी करायला त्यांना मोकळीक मिळते, वर्ष उलटलं तर नुसत्या कार्डावर परत घेतच नाहीत. म्हणजे पाच महिने वीस दिवस आणि सहा महिने पाच दिवस यात फरक आहे, काकूंच्या बहिणीच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी मुक्काम वाढवताना कॅलेंडर बघा. जास्त दिवस थांबायचंच असेल तर निघायच्या आधी, तिकडे असतानाच, री-एंट्री परमिटचा अर्ज करायचा, तो फॉर्म आय-१३१, त्यावर दोन वर्षांपर्यंत सवलत मिळते. आणि मनातून तुम्ही नाशिकचेच असाल, तिकडे फक्त नातवाला बघायला जात असाल, तर मुलाशी बसून बोला, कदाचित साधा व्हिजिटर व्हिसा तुम्हाला जास्त झोप देईल. मात्र तो निर्णय डायनिंग टेबलावर घ्यायचा, विमानतळावरच्या मागच्या खोलीत नाही.

ताई, मी उलट्या बाजूचा आहे. माझी बायको फिलिपिन्सची, लग्न रजिस्टर होऊन दीड वर्ष झालं, आम्ही नाशिक रोडला राहतो. तिचा व्हिसा वाढवायला टाकलाय. दर वेळी नवीन कागद, परवा व्हेरिफिकेशनला आलेला माणूस चहा पिऊन वर "साहेबांचं बघावं लागेल" म्हणाला. ती बिचारी गप्प बसते. आपल्याच गावात आपल्याच बायकोला परक्यासारखं वागवतात. भांडू का? — एक नवरा

भांडा, पण तोंडाने नको. नाशिकला मुंबईसारखं वेगळं एफआरआरओ ऑफिस नाही, परदेशी लोकांच्या नोंदणीचं काम पोलिसांकडेच असतं, म्हणून पोलीस दारात आले की शेजाऱ्यांचे पडदे हलतात, ते सोडून द्या. अर्ज २०१८ पासून ई-एफआरआरओवर ऑनलाइन होतो आणि त्याचा मोठा फायदा म्हणजे कागद कमी आहे असं म्हणायचं तर त्यांना ते तिथेच लिहावं लागतं. म्हणून कोणी फोनवर किंवा दारात उभं राहून "अजून एक अॅफिडेव्हिट लागेल" म्हटलं की गोड आवाजात म्हणा, साहेब पोर्टलवर टाका ना, लगेच अपलोड करतो. टाकलं तर द्या. नाही टाकलं तर लागत नव्हतं. जे जे अपलोड कराल त्याचा नंबर आणि तारीख एका वहीत लिहा, मी अजून शंभर पानी वहीच वापरते.

"साहेबांचं बघणं" हा वेगळा विषय. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री नंबर १०६४ आहे. आणि एक लक्षात असू द्या, २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार केली तरच सुटका. तेव्हा "जाऊ दे, पाचशे देऊन टाकू" हे तुम्ही समजता तेवढं स्वस्त नाही.

माहितीचा अधिकार फक्त भारतीय नागरिकालाच आहे, त्यामुळे तो अर्ज तिच्या नावाने जाणार नाही, तुम्ही तुमच्या नावाने करा. दहा रुपये फी, ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं. फाइल कुठल्या तारखेला कोणाच्या टेबलावर होती, एवढंच विचारा. का अडवलं, कोणी मुद्दाम केलं, असले प्रश्न विचारू नका, त्यांना उत्तर नसतं.

आता थोडं कडू. परदेशी माणसाला भारतात राहायचाच हक्क आहे असं आपली कोर्टं म्हणत नाहीत. १९५५ च्या हान्स म्युलर खटल्यात सुप्रीम कोर्टाने परदेशी माणसाला बाहेर काढायचा सरकारचा अधिकार फार मोठा मानला, आणि १९९१ मध्ये कित्येक दशकं इथे काम केलेल्या लुई डी रेट या बेल्जियन मिशनऱ्यालाही कोर्टाकडून थांबायची परवानगी मिळाली नाही. गेल्या वर्षी १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ चा जुना फॉरेनर्स अॅक्ट जाऊन नवा इमिग्रेशनचा कायदा आलाय, तोही काही मवाळ नाही. पण राज्यघटनेचं कलम १४ आणि २१ "नागरिक" म्हणत नाही, "व्यक्ती" म्हणतं. म्हणजे मनमानी करायची नाही आणि जीवित-स्वातंत्र्याला हात लावायचा तर रीतसर, हे तुमच्या बायकोलाही लागू आहे. मनेका गांधींचा पासपोर्ट १९७७ मध्ये सरकारने काढून घेतला आणि कारण सांगायला नकार दिला, "जनहित" एवढंच, त्यावरून १९७८ ला निकाल आला की कारवाईची पद्धत न्याय्य आणि रास्त हवी, माणसाचं म्हणणं ऐकायला हवं. त्या भारतीय होत्या, त्यांच्याकडे वजन होतं, हे कबूल. तरी "माझं म्हणणं ऐका आणि कारण सांगा" हे वाक्य तिथून मजबूत झालं, आणि अगदीच अडलं तर हायकोर्टात रिट करता येते, आपल्याला त्यासाठी मुंबई.

लग्न रजिस्टर होऊन सलग दोन वर्षं झाली की तिला ओसीआय, म्हणजे ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, या कार्डासाठी अर्ज करता येतो, म्हणजे सहा महिने राहिलेत. ते आलं की दरवेळचं हे वाढवणं संपेल. तोवर व्हिसा एक दिवसही लॅप्स होऊ देऊ नका, काहीही झालं तरी अर्ज मुदतीच्या आत.

आणि हो, पुढच्या वेळी ऑफिसात तुम्ही मागच्या खुर्चीवर बसा. तुम्ही लिहिलंय "ती बिचारी गप्प बसते". तुम्ही तिला बोलायला जागा सोडता का? माझे मिस्टर सज्जन होते पण सहा वर्षं तेच बोलत राहिले आणि तिथल्या लोकांनी मला कधी नावाने हाक मारली नाही, मी "फ्राउ" होते, त्यांची बायको. तुमची बायको नाशिक रोडच्या बाजारात कोथिंबिरीचा भाव करत असेलच ना? मग "साहेब, पोर्टलवर टाका ना" हेही तिला जमेल. मोडक्या मराठीत बोलली तर उलट लोक मऊ होतात, आपल्याकडे तरी.

मी यूकेत केअर होममध्ये, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना सांभाळतात तिथे, कामाला आहे, मालकाचं परदेशी कामगार ठेवायचं लायसन्स गेलं, मला ६० दिवसांत दुसरं काम शोधा नाहीतर देश सोडा असं पत्र आलंय. इथला एक देशी एजंट दोन हजार पाउंडात सगळं करून देतो म्हणतो. आई-बाबांना अजून सांगितलं नाही. — एक बहीण

एजंटला एक पेनीही देऊ नकोस. तिथे रजिस्टर नसलेल्या माणसाने इमिग्रेशनचा सल्ला देणं हाच गुन्हा आहे, त्याचं नाव इमिग्रेशन अॅडव्हाइस अथॉरिटीच्या यादीत आहे का ते आधी बघ, बहुतेक नसेल. ६० दिवस पत्रावरच्या तारखेपासून मोज, त्यात नवा स्पॉन्सर, म्हणजे व्हिसासाठी तुझी जबाबदारी घेणारा मालक, शोधून अर्ज गेला पाहिजे. होम ऑफिसकडे, म्हणजे तिथल्या गृहखात्याकडे, तुझ्याबद्दल काय काय लिहिलेलं आहे त्याची कॉपी तुला फुकट मागता येते, सब्जेक्ट अॅक्सेस रिक्वेस्ट म्हणतात, महिन्याभरात देतात. आणि बऱ्याच आपल्या मुलांना माहीत नसतं ते म्हणजे भारत कॉमनवेल्थमध्ये असल्यामुळे तू तिथे कायदेशीर राहत असताना मतदार म्हणून नाव नोंदवू शकतेस, खासदारकीच्या निवडणुकीलासुद्धा. तुझ्या भागाच्या खासदाराला भेट, त्यांची लोकांना भेटायची वेळ असते, मत नसतं तरी भेटतात. वर सिडकोच्या ताईंना आमदार नको म्हटलं आणि तुला खासदार गाठ म्हणतेय, हसू नकोस, तिकडे ती खरंच त्यांची कामाची पद्धत आहे. आई-बाबांना सांग. आजच.

मागच्या अंकातलं वाचलं. दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून जायचं आणि वर हक्क सांगायचे हे कुठले संस्कार? नाही जमत तर परत या. आपल्या देशात काय कमी आहे? — एक परखड वाचक, पंचवटी

दादा, तुमचं पत्र मुद्दाम शेवटी घेतलं. पाहुणा हा शब्दच चुकीचा आहे, पाहुणा टॅक्स भरत नाही, फी भरत नाही, पाहुण्याला यजमानाच्या आईचे डायपर बदलावे लागत नाहीत. वर जी बहीण आहे ती नेमकं तेच करते.

आणि संस्काराचं म्हणाल तर १९०६ साली दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालच्या सरकारने तिथल्या हिंदी लोकांना बोटांचे ठसे देऊन नोंदणी करा, परवाना सतत जवळ बाळगा असा कायदा काढला तेव्हा "परत या" असं गांधीजींना म्हणणारे होतेच. १६ ऑगस्ट १९०८ ला जोहान्सबर्गच्या हमिदिया मशिदीच्या पटांगणात लोकांनी दोन हजारांवर परवाने कढईत टाकून जाळले. मी कोणालाही कार्ड जाळायला सांगत नाहीये, ते हल्ली प्लास्टिकचं असतं आणि नवं काढायला पैसे पडतात! पण त्याआधीची कित्येक वर्षं गांधीजी तिथे काय करत होते तर अर्ज लिहीत होते, निवेदनं, वर्तमानपत्राला पत्रं, ढीगच्या ढीग.

जवळचं उदाहरण देऊ? २०१४ ला ब्रिटनमध्ये इंग्रजीच्या एका परीक्षेत कॉपी झाल्याचं टीव्हीवर दाखवलं गेलं, झालीही होती काही ठिकाणी. मग परीक्षा घेणाऱ्या कंपनीने तपासून जवळजवळ ३४ हजार निकाल बाद ठरवले, आणखी वीस हजारांवर संशयास्पद, म्हणजे तीन वर्षांत झालेल्या परीक्षांपैकी ९७ टक्क्यांवर काही ना काही शिक्का. ९७ टक्के! कुठल्याही मास्तराला विचारा, अख्खा वर्ग कॉपी करत नसतो. त्या यादीवरून होम ऑफिसने व्हिसे रद्द केले, त्यात कितीतरी मुलं आपली होती, काही तर अस्खलित इंग्रजी बोलणारी. ज्यांनी तुमच्यासारखं "परत या" ऐकलं ती कपाळावर कॉपीबहाद्दर हा शिक्का घेऊन आली. जी तिथे थांबून वर्षानुवर्षं भांडली त्यातल्या हजारोंनी केस जिंकली. सगळ्यांनी नाही. काही मुलांची विशीतली सगळी वर्षं त्यातच गेली, आणि लग्नं मोडली, आणि आईबापांनी तोंड फिरवलं, ते कोणी परत देणार नाही.

आणि दादा, तुम्ही पंचवटीत राहता. सिंहस्थ तोंडावर आलाय, गोदाघाटावर जगभरातून माणसं येणार, तुमच्या गल्लीतही कोणी ना कोणी खोल्या भाड्याने देणारच. परदेशी माणूस मुक्कामाला ठेवला की २४ तासांच्या आत त्याची नोंद, ज्याला सगळे फॉर्म सी म्हणतात, ती करायची जबाबदारी खोली देणाऱ्याची असते, त्या पाहुण्याची नाही. मागच्या वेळी रामकुंडाजवळच्या एका घरी हे राहून गेलं आणि पोलीस चौकीत तीन तास कोण बसलं तर ती परदेशी बाई, घरमालक "मला माहीत नव्हतं" म्हणून चहा प्यायला निघून गेला. मी दुभाषी म्हणून गेले होते. ती घाबरून सारखी सॉरी सॉरी म्हणत होती, कशाबद्दल सॉरी ते तिलाही माहीत नव्हतं. तुम्ही खोल्या देत असाल तर तेवढं बघा, फॉर्म भरता येत नसेल तर मला फोन करा, मी येऊन भरून देते, चहा मात्र साखर कमी.

जाता जाता एक विनंती. या वेळी तीन जणांनी पत्रासोबत पासपोर्टचा फोटो पाठवलाय, एकाने तर अख्खी फाइल. मी ते सगळं डिलीट केलंय. कृपा करून मला, किंवा कुणालाच, असं पाठवू नका, प्रश्न विचारायला पासपोर्ट नंबर लागत नाही.